पैठणची नोंद ठेवणारा सागरी ग्रंथकार

गोदातीरावरील पैठण हें समुद्रापासून किती दूर! तथापि छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यांतील या प्राचीन नगराचा उल्लेख सागरी वाङ्मयाच्या एका अतिशय जुन्या ग्रंथांत आढळतो. ‘एरिथ्रियन समुद्राचा पेरिप्लस’ हें त्या ग्रंथाचें नांव. पेरिप्लस म्हणजे किनाऱ्याकिनाऱ्यानें होणाऱ्या जलप्रवासाचें वर्णन.

हा ग्रंथ इसवी सनाच्या पहिल्या शतकांत ग्रीक भाषेंत लिहिला गेला. ईजिप्तचा उल्लेख ग्रंथकार आपला देश म्हणून करतो. त्यावरून तो तेथील ग्रीक व्यापारी असावा, असें विद्वान मानतात. त्याचें नांव मात्र कालौघांत लुप्त झालें. 1533 सालीं बाझल येथें ग्रंथ प्रथम छापला गेला, तोही अलेक्झांडरचा इतिहास लिहिणाऱ्या एरियनच्या नांवावर!

या लेखकास अलंकारांची हौस नाहीं. कोणत्या बंदरांत काय खपतें, भरती कशी येते, हेंच तो सांगतो. भडोचच्या खाडींत शिरणें अवघड. म्हणून राजाच्या चाकरींतील कोळी होड्या घेऊन परकी गलबतांस सामोरे जात व त्यांना आंत आणीत.

भडोचहून दक्षिणेस 20 दिवसांच्या वाटेवर पैठण आणि तेथून पूर्वेस 10 दिवसांवर तगर, म्हणजे धाराशिव जिल्ह्यांतील तेर, असें तो नोंदवितो. पैठणचे अकीकासारखे खडे आणि तगरचें कापड व मलमल गाड्यांत भरून, धड रस्ता नसलेल्या मुलुखांतून भडोचला जात.

कल्याण जवळ असतां हा फेरा कां? पूर्वी कल्याण हें रीतसर बाजाराचें बंदर होतें. पुढें सांदन नामक राजाच्या अमलांत तेथील व्यापार अडला आणि तेथें आलेलीं ग्रीक गलबतें पहाऱ्यांत भडोचला नेलीं जाऊं लागलीं, असें ग्रंथकार लिहितो. सातवाहन व क्षत्रप यांच्या वैराची ही छाया असावी, असें अनेक अभ्यासकांचें मत आहे.

नाशिकच्या लेण्यांतील शिलालेख त्या वैरांतील सातवाहनांच्या विजयाचा घोष करतो. विजयाच्या लेखांत अडलेल्या बंदराला आणि लांबच्या वाटेनें खडखडत जाणाऱ्या गाड्यांना जागा नसते. ती जागा या निनावी व्यापाऱ्यानें दिली, आणि म्हणूनच राजांच्या प्रशस्तीइतकीच त्याची कोरडी यादीही इतिहासाला मोलाची ठरली.