खोडदच्या डिश आणि आपला सीटी स्कॅन

आज थोडा इतिहास, पण एका अगदी व्यवहारी प्रश्नासाठी. आपण बीटेक, वय तिशीकडे झुकलेलं, रोजचं काम सॉफ्टवेअरचं. पुढची दहा वर्षं मेडिकल इमेजिंगमध्ये घालवायची म्हटलं तर जमेल का? घरी विषय काढला की उत्तर ठरलेलं: "ते डॉक्टरांचं काम, तुझं काय तिथे?" म्हणून मी ही मशीन मुळात केली कोणी, ते वाचत गेलो. आणि एक धागा निघाला तो आपल्या पुणे जिल्ह्यातच.

नारायणगावजवळ खोडदला जीएमआरटी आहे, ४५ मीटर व्यासाच्या ३० डिशची रेडिओ दुर्बीण. ती उभारणारे गोविंद स्वरूप १९५३ मध्ये, चोविशीत, ऑस्ट्रेलियात सिडनीच्या पॉट्स हिलला गेले होते. तिथे डिशची एक रांग लावून सूर्य मोजायचं काम चाललं होतं. अडचण अशी की ती रांग एका वेळी सूर्याची एक पट्टीच बघते. त्या पट्टीतून एकूण किती रेडिओलहरी आल्या ते कळतं. पट्टीत नेमक्या कुठून आल्या, ते नाही. मग वेगवेगळ्या कोनांतून पट्ट्या घ्यायच्या आणि गणिताने नकाशा जुळवायचा. ही आकडेमोड हाताने झाली, आणि त्या कामात स्वरूपही होते. मूळच्या त्याच प्रयोगशाळेतल्या रोनाल्ड ब्रेसवेल यांनी १९५६ मध्ये या पट्ट्यांचं गणित नीट मांडलं. स्वरूप यांनी पुढे पीएचडी केली ती स्टॅनफर्डला, याच ब्रेसवेल यांच्याकडे.

आता छातीचा एक्सरे डोळ्यांसमोर आणा. बरगड्या, हृदय, फुप्फुसं, सगळं एकावर एक. किरण शरीरातून आरपार जातो तेव्हा तोही वाटेतल्या सगळ्याची बेरीजच सांगतो. म्हणजे प्रश्न तोच, फक्त सूर्याच्या जागी माणूस! गणितज्ञ योहान राडोन यांनी १९१७ मध्येच याचं उत्तर कागदावर काढलं होतं. १९७१ मध्ये आपल्या जी. एन. रामचंद्रन आणि ए. व्ही. लक्ष्मीनारायणन यांनी ते कमी आकडेमोडीत करायची पद्धत दिली. 'रॅम-लॅक फिल्टर' या नावाने ती आजही शिकवतात.

प्रत्यक्ष मशीन केलं गॉडफ्रे हाउन्सफील्ड यांनी, इंग्लंडच्या ईएमआय कंपनीत. (आपल्या घराच्या हप्त्याचा ईएमआय नव्हे.) हे इलेक्ट्रिकल इंजिनिअर, आधी रडार आणि संगणकावर काम केलेले. प्रयोगशाळेतल्या पहिल्या जुगाडाला एक काप मोजायला ९ दिवस लागले आणि हिशेबाला अडीच तास. पहिल्या पेशंटचा स्कॅन झाला १ ऑक्टोबर १९७१ ला, लंडनमध्ये. १८० कोन, प्रत्येक कोनात १६० मोजणी, म्हणजे एकूण २८,८०० आकडे. १९७९ चं वैद्यकाचं नोबेल त्यांना आणि अॅलन कॉर्मॅक या भौतिकशास्त्रज्ञाला विभागून मिळालं. दोघांपैकी डॉक्टर कोणीच नाही.

पण लगेच कॉलर ताठ करू नका. हाउन्सफील्ड यांच्यासोबत जेम्स अँब्रोज नावाचे रेडिओलॉजिस्ट होते. चित्रात काय दिसायला हवं, हे सांगणारा माणूस पहिल्यापासून शेजारी होता.

म्हणून माझा प्लॅन या इतिहासावरून आखलाय. नोकरी चालू ठेवून पहिले सहा महिने फक्त गणित आणि मोजणी: फूरिये शिकायचं, मग पायथनमध्ये एका चित्राची १८० कोनांतून बेरीज घ्यायची आणि त्यावरून ते परत उभं करायचं. हे आलं की एमआरआयही परका राहत नाही. जीएमआरटीच्या डिशच्या जोड्या आकाशाच्या चित्राचे फूरिये घटक मोजतात, एमआरआय मशीन शरीराचे. पुढचे सहा महिने डायकॉम फाइल्स आणि खऱ्या स्कॅनमधल्या चुका: पेशंट हलला तर काय होतं, दाताच्या चांदीमुळे रेघा का येतात. एआय त्याच्यानंतर. आणि वर्ष संपायच्या आत एका रेडिओलॉजिस्टशेजारी बसून विचारायचं, तुम्हाला रोज त्रास कशाचा होतो? नोकरी बदलायची की नाही, ते त्या उत्तरावर ठरवणार. पगार सुरुवातीला कमी होईल, तेही धरलंय.

२८ फेब्रुवारीला विज्ञान दिनानिमित्त खोडदला प्रदर्शन भरतं. एकदा जाऊन या, आणि तिथल्या लोकांना विचारा की एवढ्या डिशमधून चित्र कसं तयार होतं. भेटूया पुढच्या भागात.