एका शिवारात कोळसा, शेजारच्या शिवारात नुसता दगड : असं का होतं?

वरोरा, भद्रावती, वणी, राजुरा या पट्ट्यात हा प्रश्न नेहमी निघतो. एका शिवारात बोअर मारला की कोळसा लागतो, मग संपादनाची नोटीस येते. धुऱ्यापलीकडच्या शेतात मात्र खोलवर गेलं तरी वाळूचा दगडच. लोक याला नशीब म्हणतात. खरं कारण जमीन खचण्यात आहे.

साधारण २९ ते २५ कोटी वर्षांपूर्वी भारत, आफ्रिका, ऑस्ट्रेलिया आणि अंटार्क्टिका हे एकाच मोठ्या भूखंडाचे भाग होते. त्याला गोंडवाना म्हणतात, आणि हे नाव गोंडांच्या मुलखावरूनच पडलं आहे. या भूखंडाला ताण बसून लांबच लांब भेगा पडल्या आणि दोन भेगांमधला पट्टा खाली बसत गेला. वर्धा नदीच्या काठाने जाणारा कोळशाचा पट्टा हा असाच खचलेला भाग. पुढे तोच प्राणहिता-गोदावरीच्या बाजूने तेलंगणात जातो. सिंगरेणीच्या खाणीही त्याच पट्ट्यात आहेत.

खोलगट जागा झाली की नद्या तिकडेच वळतात. तळाला हिमनद्यांनी आणलेले गोटे आणि चिखल बसला, हा तालचेर थर. हवामान उबदार झाल्यावर नद्यांच्या काठाने दलदली आणि दाट झाडी वाढली. त्या काळातला बराकार थर, आपला कोळसा याच थरातला.

इथे खचण्याचा वेग महत्त्वाचा. पाला उघड्यावर पडला तर कुजून नाहीसा होतो. पाण्याखाली, हवा न लागता साचला तरच टिकतो. जमीन फार भराभर खचली तर दलदलीचं तळं होतं आणि नुसता गाळ भरतो. खचणं थांबलं तर पाला उघडा पडतो, नाहीतर नदी तो कापून नेते. पाला जेवढा साचतो तेवढीच जमीन खाली बसत राहिली, आणि हे हजारो वर्षं टिकलं, तरच जाड थर तयार होतो. वर्धा खोऱ्यात काही ठिकाणी हा थर १५ मीटरहून जाड आहे. एक मीटर कोळशासाठी कित्येक मीटर पाला दबावा लागतो, यावरून अंदाज करा. आजूबाजूचा डोंगराळ भाग उचलला गेला की नद्यांना जोर यायचा, जाडी वाळू येऊन दलदल बुजायची. म्हणून बोअरच्या नमुन्यात कोळसा, काळा शेल, वाळूचा दगड असे थर आलटून पालटून दिसतात.

नंतर वर कामठीचा वालुकाश्म बसला (हे नाव नागपूरजवळच्या कामठीचंच). बऱ्याच भागात त्यावर ६.६ कोटी वर्षांपूर्वीचा ज्वालामुखीचा काळा दगड आणि आपली काळी माती आली.

कोळसा तयार झाल्यावरही जमीन शांत बसली नाही. नव्या भेगांनी थर तुटले. भेगेच्या एका बाजूचा थर वर राहिला, दुसऱ्या बाजूचा बराच खाली गेला. वरच्या बाजूला खुली खाण परवडते, खालच्या बाजूला परवडत नाही. उचललेल्या बाजूचा कोळसा कधी कधी पार झिजून गेलेला असतो. धुऱ्याच्या अलीकडे-पलीकडे एवढा फरक पडतो तो यामुळे.

म्हणून शिवारात एक-दोन बोअर झाले म्हणजे जमीन गेली, असं समजू नये. कोळसाधारक क्षेत्र कायदा, १९५७ मधली कलम ४ ची अधिसूचना फक्त शोधासाठी असते. संपादनाचा इरादा कलम ७ मध्ये जाहीर होतो, आणि त्यावर हरकत घ्यायला ३० दिवस मिळतात.