कंदील, साखर आणि स्वदेशी

स्मरणिकेसाठी काही लिहा, असे चिटणीसबाईंनी सांगितले तेव्हा मी आधी नाहीच म्हटले. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. इतिहासाविषयी मी काय लिहिणार? पण गेल्या दिवाळीपासून एक गोष्ट मनाला लागून राहिली आहे. ती भगिनींपुढे मांडावी म्हणून हे धाडस करीत आहे.

त्या दिवाळीला आपल्या मंडळाने कागदी आकाशकंदील करून विकावयास ठेवले होते. किंमत दीडशे रुपये. चार संध्याकाळ बसून मीही कामट्या बांधल्या, खळ लावली. आणि धनत्रयोदशीला बाजारात परदेशी बनावटीचा प्लॅस्टिकचा कंदील ऐंशी रुपयांत मिळाला, तो घेऊन आले व दारात टांगला! सासूबाई एवढेच म्हणाल्या, "अगं, आपला केलेला लोकांनी घ्यायचा आणि आपण हा लावायचा का?" मला उत्तर सुचेना. मग वाचनालयातून पुस्तके आणून वाचू लागले, तेव्हा कळले की हा पेच आपल्या आज्या-पणज्यांनाही पडला होता.

माझी आजी साखरेला 'मोरस' म्हणत असे. हा शब्द मॉरिशस बेटावरून आला. तिकडची शुभ्र, दाणेदार साखर आपल्याकडे येई, म्हणून ती मोरस. पुढे जावा बेटावरूनही साखर येऊ लागली. कापड मँचेस्टरचे, सुया, काड्यापेट्या, दिव्याच्या काचा, सारे बाहेरचे. घरचा गूळ आणि हातमागाचे लुगडे मागे पडत चालले होते.

ही गोष्ट जाणत्यांना फार पूर्वीच खुपू लागली होती. लोकहितवादींनी १८४८ पासून लिहिलेल्या शतपत्रांत देशी माल वापरण्याचा उपदेश केला. पुण्याचे गणेश वासुदेव जोशी, ज्यांना सारे सार्वजनिक काका म्हणत, ते हातच्या सुताचे जाडेभरडे कपडे घालून १८७७ च्या दिल्ली दरबाराला गेले. त्यांच्या पत्नी सरस्वतीबाई पुण्यात स्त्रीविचारवती सभा चालवीत. आपल्यासारख्या मंडळांची ती थोरली बहीणच म्हणावयाची.

पुढे १९०५ साली बंगालची फाळणी झाली आणि स्वदेशीची लाट देशभर उसळली. त्याच वर्षी ऑक्टोबरात पुण्यात विलायती कपड्यांची होळी झाली. त्यात पुढाकार घेतल्याबद्दल विद्यार्थी असलेल्या सावरकरांना दहा रुपये दंड झाला व वसतिगृह सोडावे लागले.

पण होळी एका दिवसात पेटते आणि विझते. दुसऱ्या दिवशी नेसायचे काय आणि दिव्याला काच कोठून आणायची, हा प्रश्न घरच्या बाईपुढे उरतोच. त्याचे उत्तर शोधणाऱ्यांत अंताजी दामोदर काळे यांचे नाव मला मोठे वाटते. प्रत्येकाने वर्षाला एक पैसा द्यावा आणि त्यातून देशी धंदे उभारावेत, अशी त्यांची योजना होती. लोकमान्य टिळकांनी तिला पाठबळ दिले. या पैसा फंडातून १९०८ साली तळेगाव दाभाडे येथे काचेचा कारखाना निघाला. तेथे माल तर होईच, शिवाय मुलांना काचकामही शिकवीत. शिकलेली मुले पुढे ठिकठिकाणच्या कारखान्यांत गेली. १९१६ साली ओगले बंधूंनी काचकारखाना काढला, तो पुढे कऱ्हाडजवळ ओगलेवाडीत वाढला आणि तेथला 'प्रभाकर' कंदील खेड्यापाड्यांत पोचला. आज तो कारखाना चालू नाही. परंतु वीज येण्यापूर्वी त्याच्या उजेडात किती घरांत स्वयंपाक झाला असेल व किती मुलांनी अभ्यास केला असेल!

देशी माल म्हटला की लोक लगेच घेत, असेही नव्हते. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी लोखंडी नांगर केला, तेव्हा लोखंडाने जमिनीला विष चढेल असे शेतकरी म्हणत. पहिले थोडे नांगर खपायलाच दोन वर्षे लागली. उलट बाजूही सांगितली पाहिजे. स्वदेशीमुळे मागणी वाढताच मुंबईच्या काही गिरण्यांनी धोतरांचे भाव चढविले, अशी तक्रार बंगालातून झाली. गिऱ्हाइकाच्या देशप्रेमावर नफा कमावणे, याला काय म्हणावे?

याच मुंबईत १२ डिसेंबर १९३० रोजी बाबू गेनू या तरुण गिरणीकामगाराने काळबादेवीला विलायती कापडाची लॉरी अडविताना तिच्याखाली प्राण दिला. तो आंबेगाव तालुक्यातील महाळुंगे पडवळचा. त्याच वर्षी देशसेविका संघाच्या स्त्रिया विलायती कापडाच्या दुकानांपुढे उभ्या राहून गिऱ्हाइकांना हात जोडीत होत्या. घरचा उंबरठा ओलांडून पहिल्यांदाच रस्त्यावर आलेल्या अनेकजणी त्यांत होत्या.

साखरेची गोष्ट गोड झाली. १९३२ साली साखरधंद्याला संरक्षण देणारा कायदा झाला आणि थोड्याच वर्षांत देशातील कारखाने चौपट झाले. स्वातंत्र्यानंतर विठ्ठलराव विखे पाटील व धनंजयराव गाडगीळ यांच्या प्रयत्नाने प्रवरानगरचा सहकारी कारखाना उभा राहिला व १९५० च्या सुमारास तेथे ऊस गाळला जाऊ लागला. मोरस आपल्याच उसाची झाली. आजीच्या तोंडी नाव तेवढे जुने राहिले!

पुढे १९९१ पासून बाजार खुला होत गेला, आणि २००१ च्या एप्रिलात उरलेल्या बहुतेक वस्तूंवरील आयातीचे निर्बंधही उठले. आता कोणी कायद्याने आपला हात धरीत नाही. औषध, यंत्र किंवा मुलांच्या अभ्यासाची वस्तू परदेशी घ्यावी लागली, तर त्यात पाप नाही असे मला वाटते. सत्तर रुपयांचा फरक एखाद्या घरी दोन दिवसांचे दूध असते, हेही मी जाणते. पण त्या दिवशी मला अडचण नव्हती. नुसता मोह होता.

आणखी एक खरे सांगते. आपल्या मंडळाचे दोन कंदील दवाने उकलले होते. खळ कच्ची राहिली होती, आणि त्यातला एक मीच बांधलेला होता! तेव्हा माझी चूक दुहेरी झाली. करताना हयगय केली आणि घेताना आपल्या माणसांना विसरले. घेणाराने थोडा धीर धरावा व करणाराने त्या धीराचे चीज करावे, या दोन गोष्टी जुळल्या तेथेच स्वदेशी टिकली, असे मला इतिहासात दिसले.

येत्या दिवाळीला मी खळ दाट शिजविणार आहे. पहिला कंदील माझ्याच दारात लागेल, तोही पूर्ण दीडशे रुपये देऊन.