गतिशील कला

गतिशील कला : प्रत्यक्ष गती हा जिच्या रचनेचा मूलघटक असतो, अशी आधुनिक दृश्यकला. गती या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून तिला पश्चिमेत ‘कायनेटिक’ हे नाव मिळाले. चित्रशिल्पांत गतीचा आभास निर्माण करण्याची परंपरा प्राचीन आहे. उदा., नटराजाच्या मूर्तीत नृत्याचा आवेग प्रकट होतो. परंतु मूर्ती स्थिरच असते. गतिशील कलाकृती मात्र खरोखरच हलते, फिरते, वाहते किंवा विरून जाते. ही गती तिला वारा, पाणी, गुरुत्वाकर्षण, चुंबक, विजेची मोटर वा प्रेक्षकाचा स्पर्श यांपासून लाभते. त्यामुळे काल आणि यदृच्छा हे घटक कलाकृतीत अंतर्भूत होतात. यातूनच अशा कलाकृतीचे जतन कसे करावे, हा एक बिकट प्रश्नही निर्माण होतो.

उगम व विकास : मार्सेल द्यूशाँ (१८८७–१९६८) याने १९१३ मध्ये बैठकीच्या स्टुलावर सायकलचे फिरते चाक बसविले. त्याच सुमारास त्याने प्रत्येकी एक मीटर लांबीचे तीन दोरे एक मीटर उंचीवरून खाली सोडले व ते ज्या वळणांनी पडले, ती वळणे जशीच्या तशी जतन केली. यदृच्छेला रचनेचे साधन मानणारा हा आरंभीचा प्रयोग होय. नाउम गाबो (१८९०–१९७७) याने १९१९-२० मध्ये मोटरच्या साहाय्याने कंप पावणाऱ्या पोलादी पट्टीतून तरंगाची आकृती दृग्गोचर केली. १९२० मध्ये मॉस्को येथे आंत्वान पेव्हस्नर या आपल्या भावासमवेत प्रसिद्ध केलेल्या जाहीरनाम्यात त्याने गतिमान लयीचा पुरस्कार केला. लास्लो मोहॉय-नॉज (१८९५–१९४६) याच्या १९३० मधील फिरत्या यंत्ररचनेत छिद्रयुक्त पत्रे, काच व दिवे यांतून छायाप्रकाशाचा खेळ साकार झाला.

अलेक्झांडर काल्डर (१८९८–१९७६) याच्या तारांना टांगलेल्या, हवेच्या झुळकीने हलणाऱ्या चलशिल्पांनी ही कला लोकप्रिय केली. १९५५ मध्ये साराभाई कुटुंबाच्या निमंत्रणावरून तो अहमदाबादला आला व तेथे त्याने काही शिल्पे घडविली. त्याच वर्षी पॅरिसच्या दनीझ रने कलावीथीतील प्रदर्शनाने या प्रवाहाला चळवळीचे रूप दिले. त्यातील सहभागी कलावंत झाँ तिंगली (१९२५–९१) याने १७ मार्च १९६० रोजी न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयाच्या उद्यानात स्वतःचाच नाश करणारे एक प्रचंड यंत्र चालविले. त्याचे काही भाग योजनेप्रमाणे चालले नाहीत, आग लागली आणि अखेर अग्निशामकांना हस्तक्षेप करावा लागला. पुढे हान्स हाके याने बंद पारदर्शक पेटीतील बाष्प व दवबिंदू, तर डेव्हिड मेडाला याने सतत आकार बदलणारा फेस हीच आपली द्रव्ये मानली.

महाराष्ट्रातील परंपरा व प्रयोग : या आधुनिक प्रवाहाशी थेट संबंध नसला, तरी हलत्या वस्तूंची कला महाराष्ट्रास अपरिचित नाही. सिंधुदुर्ग जिल्ह्यातील पिंगुळी येथे चामड्याच्या बाहुल्यांचा छायाखेळ प्रचलित आहे. नागपूर जिल्ह्यात शहरापासून खाप्यासारख्या लहान गावांपर्यंत तान्ह्या पोळ्याला मुले चाकांचे लाकडी बैल ओढतात. त्याच दिवशी नागपूर शहरात काळी व पिवळी मारबत आणि बडगे यांची मिरवणूक निघते. १८८० च्या दशकापासून चालत आलेल्या या प्रथेत रोगराई व अनिष्ट गोष्टींची प्रतीके असलेले भव्य पुतळे गर्दीतून डोलत नेले जातात व शेवटी जाळले जातात. यांमागील प्रेरणा धार्मिक व सामाजिक असल्याने त्यांना आधुनिक अर्थाने गतिशील कला म्हणता येणार नाही. तथापि भव्य आकार, गती आणि विनाश यांचा मेळ त्यांत आढळतो.

मुंबईत अकबर पदमसी (१९२८–२०२०) यांनी १९६९ ते १९७२ या काळात चालविलेल्या प्रयोगशाळेत चित्रकारांना चित्रपटमाध्यम उपलब्ध झाले. ‘सिझिजी’ (१९७०) या सुमारे ११ मिनिटांच्या मूक चित्रपटात त्यांनी रेषांना गती दिली. ‘इव्हेंट्स इन अ क्लाउड चेंबर’ (१९६९) या त्यांच्या दुसऱ्या चित्रपटाची एकमेव प्रत मात्र हरवली. याच प्रयोगशाळेत काम केलेल्या नलिनी मलानी (१९४६– ) यांनी पुढे पारदर्शक पटलांच्या फिरत्या नळकांड्यांवर आतील बाजूने चित्रे रंगवून, त्यांतून प्रकाश व चलच्चित्रे सोडणारी मांडणशिल्पे रचली. त्यांपैकी ‘ट्रान्सग्रेशन्स’ (२००१) ही रचना अ‍ॅम्स्टरडॅमच्या स्टेडलिक संग्रहालयात आहे. ‘इन सर्च ऑफ व्हॅनिश्ड ब्लड’ ही २०१२ मध्ये जर्मनीतील कासेल येथे मांडण्यात आली. तींत भिंतीवरील छाया एकमेकींवरून सरकत राहतात व प्रेक्षकाची सावलीही त्यांत मिसळू शकते. सुदर्शन शेट्टी (१९६१– ) यांनी नित्याच्या वस्तूंना यंत्रगती देऊन त्याच त्या हालचालींची निरर्थकता सूचित केली आहे.

जतनाचा प्रश्न : स्थिर शिल्प सुरक्षित ठेवले म्हणजे कलाकृती टिकली, असे म्हणता येते. गतिशील कलाकृतीत वस्तू टिकूनही कलाकृती नष्ट होऊ शकते; कारण मोटर थांबली की उरतो तो केवळ सांगाडा. ती सतत चालविली, तर तिची झीज होते. मोहॉय-नॉजचे मूळ यंत्र हार्व्हर्ड विद्यापीठाच्या संग्रहालयात असून, १९७० मध्ये त्याच्या प्रतिकृती तयार करण्यात आल्या. तिंगलीच्या यंत्राचा अवशेष व चित्रफीत शिल्लक आहे. ती घटना मात्र पुन्हा घडविता येत नाही. पदमसींच्या बाबतीत तर प्रतच नाहीशी झाल्याने आठवणींवर विसंबावे लागले. आशीम अहलुवालिया यांनी २०१६ मध्ये त्या लुप्त चित्रपटावर लघुपट केला. म्हणून फिरण्याचा वेग, दिव्यांची तीव्रता, भिंतीपासूनचे अंतर, ध्वनी आणि कोणते भाग बदलण्यास कलावंताची संमती आहे, या गोष्टींची लेखी व चित्रित नोंद त्याच्या हयातीतच होणे अगत्याचे ठरते. मारबतीचा पुतळा दरवर्षी जाळला जातो आणि दरवर्षी नव्याने उभा राहतो, कारण तो घडविण्याची रीत कारागिरांच्या पिढ्यांनी सांभाळली आहे. संग्रहालयातील गतिशील कलाकृतीला असा वारसा आपोआप लाभत नाही. तो नोंदींच्या आधारे निर्माण करावा लागतो.