परिवीक्षा

दोषी ठरलेल्या व्यक्तीला तुरुंगात न धाडता चांगल्या वर्तणुकीच्या बंधपत्रावर समाजातच राहू देण्याची न्यायालयीन पद्धत. मुंबई प्रांतात तिचा कायदा १९३८ मध्ये झाला. देशपातळीवर अपराधी परिवीक्षा अधिनियम, १९५८ आला. मृत्युदंड वा जन्मठेपेस पात्र गुन्हे त्यातून वगळले आहेत. न्यायालयाने मागितल्यास परिवीक्षा अधिकारी आरोपीच्या घरी जाऊन कुटुंब व कामधंद्याची चौकशी करून अहवाल देतो. बंधपत्राची कमाल मुदत ३ वर्षे. अट मोडली म्हणजे लगेच तुरुंगाची वाट धरावी लागते असे नाही : कलम ९ नुसार पहिल्या वेळी बंधपत्र कायम ठेवून ५० रुपयांपर्यंत दंड करता येतो. रोजगार आणि संसार सावरणारी परिवीक्षेची तरतूद न्यायालयांनी आवर्जून वापरावी, इतकी मोलाची आहे.