खंड्याची पगडी आणि श्वानाची दृष्टी

मार्च २०२५ मध्ये कोल्हापूरच्या छत्रपती घराण्यातील संभाजीराजे यांनी रायगडावरील वाघ्या कुत्र्याचे स्मारक हटवावे अशी मागणी मुख्यमंत्र्यांकडे केली, आणि एक जुना वाद नव्याने पेटला. १९३६ साली उभारलेल्या या स्मारकास इंदूरच्या तुकोजीराव होळकरांचे द्रव्यसाह्य लाभले होते. २०११ मध्ये ते एकदा उखडले गेले आणि पुन्हा बसविलेही गेले. १६८० साली वाघ्याने महाराजांच्या चितेत उडी घेतली या कथेस समकालीन कागदाचा आधार नाही, हे अभ्यासकांनी वारंवार सांगितले आहे व ते आम्हांस मान्य आहे. स्मारकाचे पुढे काय करावे, हा या लेखाचा विषय नव्हे. आमचा प्रश्न निराळा आहे: कागद नसलेली ही कथा मराठी मनास इतकी सहज कशी पटली?

उत्तर बहुधा घराघरांत आहे. कुत्र्याला माणसाचे तोंड वाचता येते, हा अनुभव कोणास नाही? आपण उदास असलो की तो जवळ येऊन बसतो, आपली भुवई चढली की तो कोपरा गाठतो. या अनुभवावर आपण निष्ठा नावाची कल्पना चढवितो, आणि निष्ठेवरून चितेतील उडीपर्यंत जाण्यास मग फारसे अंतर उरत नाही. चेहरा वाचणे आणि निष्ठा बाळगणे या दोन गोष्टी एकच आहेत काय, हे मात्र आपण तपासत नाही.

ज्याचा लेखी उल्लेख सापडतो असाही एक कुत्रा मराठ्यांच्या इतिहासात आहे. साताऱ्याचे छत्रपती शाहू महाराज, ज्यांनी १७३१ मध्ये कोल्हापूरच्या संभाजी महाराजांशी वारणेचा तह केला, त्यांचा हा आवडता कुत्रा. लोकपरंपरा त्यास खंड्या म्हणते, आणि कृष्णा-वेण्णेच्या काठी संगम माहुलीस त्याची समाधी दाखविली जाते. साताऱ्यास राहिलेल्या ग्रँट डफने १८२६ साली प्रसिद्ध केलेल्या मराठ्यांच्या इतिहासात त्याची हकीकत दिली आहे. वाघाच्या तावडीतून कुत्र्याने महाराजांस वाचविले. महाराजांनी कृतज्ञतेने त्यास जहागिरीची सनद आणि पालखीचा मान दिला. पुढे एकदा दोन सरदार भेटीस आले असता त्यांनी कुत्र्यास जरीचे वस्त्र व जडजवाहीर घालून आपली पगडी त्याच्या मस्तकी ठेवली.

डफला यात राजाच्या बुद्धीचा भ्रंश दिसला. आज कोणी त्यात सरदारांस लगावलेला टोला वाचील, कोणी निखळ माया. पण हे सारे अर्थ माणसांनी माणसाच्या कृतीचे लावलेले आहेत. त्या दरबारात खंड्याने काय पाहिले असेल?

याचे उत्तर कोणतीही बखर देणार नाही. मात्र गेल्या पंचवीस वर्षांतील प्रयोगांवरून काही अनुमान करता येते. २००३ साली लाइपझिगच्या संशोधकांनी कुत्र्यांसमोर खाऊ ठेवून तो खाण्यास मनाई केली. माणूस डोळे उघडे ठेवून पाहत असता कुत्री बेताने वागली. त्याने डोळे मिटले, पाठ फिरविली वा तो दुसऱ्या कामात गुंतला की त्यांनी अधिक खाऊ उचलला. त्याच वर्षी बुडापेस्टच्या प्रयोगांत न सुटणारे कोडे पुढे आले असता माणसाने वाढविलेले लांडगे स्वतःच झटत राहिले, तर कुत्री लवकर वळून माणसाच्या तोंडाकडे पाहू लागली. २०१५ मध्ये व्हिएन्नात, छायाचित्रातील अर्ध्याच चेहऱ्यावरून प्रसन्न व रागीट मुद्रा ओळखण्यास शिकलेल्या कुत्र्यांनी अनोळखी चेहऱ्यांवरही तोच भेद ओळखला. हे केवळ पाळीव कुत्र्यांचे कसब नव्हे. कोलकात्याच्या अभ्यासकांनी २०२० मध्ये दाखविले की जवळ आलेल्या रस्त्यावरील कुत्र्यांपैकी सुमारे ८० टक्क्यांनी, कोणतेही शिक्षण नसता, माणसाने बोट दाखविलेली दिशा धरली.

तेव्हा खंड्याला पगडीचा मान कळला नसेल, पण दरबारातील डोळे कोणाकडे वळले आहेत आणि धन्याच्या मुद्रेवर काय आहे, हे कळले असण्याचा संभव पुष्कळ आहे.

येथे कोल्हापूरची एक गोष्ट आठवते. राजर्षी शाहू व राजाराम महाराजांच्या काळात येथील चित्त्यांची शिकार प्रसिद्ध होती. शिकारीस नेताना चित्त्याच्या डोळ्यांवर झापड असे; काळवीट टप्प्यात आले की ती काढीत आणि मग चित्ता व सावज यांच्यामध्ये माणूस उरत नसे. चित्त्याची नजर झाकून ठेवावी लागे, कारण ती माणसाकडे वळणारी नव्हती. कुत्र्याची उपयुक्तता त्याच्या माणसाकडे वळणाऱ्या नजरेतच आहे.

परंतु वाचनाची ही विद्या एकतर्फी आहे. न्यूयॉर्कच्या अलेक्झांड्रा होरोविट्झ यांनी २००९ मध्ये कुत्र्याच्या तथाकथित अपराधी मुद्रेची परीक्षा केली. ती मुद्रा कुत्र्याने खरोखर आगळीक केली की नाही यावर अवलंबून नव्हती. धनी रागावला की ती उमटे. म्हणजे कुत्रा आपला राग बिनचूक वाचतो, आणि आपण त्यात त्याचा पश्चात्ताप वाचतो! लिंकन विद्यापीठातील अभ्यासांत तर लहान मुलांनी दात विचकलेल्या कुत्र्यास हसरा समजल्याचे आढळले. असा चुकीचा अर्थ लावण्याची किंमत चाव्याने मोजावी लागते, आणि रेबीज असलेल्या देशात ती प्राणांनीही मोजावी लागू शकते. ऑगस्ट २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयात भटक्या कुत्र्यांचा प्रश्न गाजला तेव्हा एका बाजूस तो केवळ निष्ठावान होता, दुसऱ्या बाजूस केवळ हिंस्र. आमच्या मते या दोन्ही प्रतिमा माणसाच्याच होत्या. अनोळखी कुत्र्याच्या डोळ्यांत रोखून पाहू नये, तो त्यास धमकी समजू शकतो, एवढी साधी गोष्ट शाळेत शिकविली तरी पुतळ्यांवरील शब्दयुद्धापेक्षा अधिक हित साधेल.

इतिहासकारासही यातून काही घेता येईल. कागद मागणे हे त्याचे कर्तव्यच आहे. पण खंड्याच्या बाबतीत कागद असूनही त्यात आढळतो तो राजा, त्याचे मंत्री आणि एक परकी अधिकारी. वाघ्याच्या कथेत आढळते ते विसाव्या शतकातील मराठी मन, ज्यास दुःखाच्या प्रसंगी एक निःशंक साक्षीदार हवा होता. निष्ठा हा आपण कुत्र्याच्या चेहऱ्यावर लिहिलेला शब्द आहे. त्याने स्वतः केले ते एवढेच की हजारो वर्षे तो आपल्या तोंडाकडे लक्षपूर्वक पाहत आला. आम्हांस ते निष्ठेहून उणे वाटत नाही.