ऐतिहासिक स्थळांचे अर्थविवरण

रणभूमी, किल्ला, पुराणवास्तू यांसारखी स्थळे पाहावयास येणाऱ्या लोकांना त्या स्थळाचा अर्थ उलगडून दाखविण्याचे कार्य. माहिती केंद्रातील नकाशे, वस्तू, फलक व मार्गदर्शकांची भाषणे ही त्याची साधने होत. तत्पूर्वी प्रेक्षकाने कोणता विचार घेऊन परत जावे, ते निश्चित करावे लागते. यास मध्यवर्ती सूत्र म्हणतात. ‘लढाई’ हा केवळ विषय होय. लढाई का झाली व तिने काय घडविले, यासंबंधीचे पूर्ण विधान म्हणजे सूत्र.

या कार्यास शास्त्रीय बैठक मुख्यतः अमेरिकेच्या राष्ट्रीय उद्यान सेवेत (स्थापना १९१६) लाभली. फ्रीमन टिल्डन (१८८३–१९८०) याने इंटरप्रिटिंग अवर हेरिटेज (१९५७) या ग्रंथात सहा तत्त्वे सांगितली. नुसती माहिती म्हणजे विवरण नव्हे आणि विवरणाचा प्रमुख हेतू शिकविणे हा नसून विचारास चालना देणे हा आहे, असे त्याचे प्रतिपादन होते. तथापि सूत्र ठरविण्याचा अधिकार कोणाचा, हा अधिक बिकट प्रश्न पुढे आला तो प्रत्यक्ष स्थळांवर.

माँटॅना राज्यातील लिटल बिगहॉर्न नदीकाठची रणभूमी हे त्याचे ठळक उदाहरण. २५–२६ जून १८७६ रोजी येथे लकोटा, शायेन व अरापाहो योद्ध्यांनी अमेरिकेच्या सातव्या घोडदळाचा पराभव केला. लेफ्टनंट कर्नल जॉर्ज कस्टर व त्याच्या हाताखालील पाच तुकड्या गारद झाल्या. १८८१ मध्ये टेकडीवर सैनिकांचा स्मृतिस्तंभ उभारण्यात आला. १८९० मध्ये ते जेथे पडले तेथे संगमरवरी शिळा बसविल्या. १९४६ मध्ये स्थळ कस्टरच्या नावाने राष्ट्रीय स्मारक ठरले व १९५२ मध्ये संग्रहालय उघडले. पराभूत सेनानीचे नाव रणभूमीस देणे हेच मुळी एक सूत्र होते. १८६८ च्या तहाने लकोटांना दिलेल्या ब्लॅक हिल्स प्रदेशात १८७४ मध्ये कस्टरच्याच मोहिमेस सोने सापडले आणि त्यातून हा संघर्ष चिघळला. स्तंभापाशी उभ्या राहिलेल्या प्रेक्षकास हे कसे कळावे?

मूळ रहिवाशांच्या दीर्घ आग्रहानंतर १९९१ च्या कायद्याने स्थळाचे नाव बदलून लिटल बिगहॉर्न करण्यात आले. १९९९ पासून पडलेल्या योद्ध्यांसाठी तांबड्या ग्रॅनाइटच्या शिळा बसू लागल्या आणि २५ जून २००३ रोजी त्यांच्या स्मारकाचे लोकार्पण झाले. एका बाजूऐवजी दोन बाजू दाखविल्या की काम संपले, असेही मात्र नाही. क्रो व अरिकारा जमातींचे टेहळे सैन्याबरोबर होते आणि रणभूमी आज क्रो जमातीच्या राखीव क्षेत्राने वेढलेली आहे. म्हणून वर्तुळाकार स्मारकाच्या आतील भिंतींवर याही जमातींना स्थान दिलेले आहे. वर्तुळाच्या कडेला ठेवलेल्या फटीतून समोरचा १८८१ चा सैनिकस्तंभ दिसतो.